न धुतलेली काठवट

विल्नियस, ४ ऑक्टोबर १९९२

आजी,

पोस्टातल्या फोनवर घरचं बोलायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून पत्र. पोस्टातली स्तासे तारेला कान लावून बसते हे खरं, पण पत्रंही तीच वाटते, एवढं ध्यानात ठेव.

मी दिवसभर करते काय, असं विचारलंस. सांगते. चीजसाठी दूध थिजवायला डेअरीत जो रस लागतो, तो कोवळ्या वासराच्या पोटातून काढतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू गावच्या डेअरीत जन्म काढलास. तो रस मॉस्कोहून यायचा, आता येत नाही, आणि ब्रोन्युस मॅनेजर हातावर हात धरून बसलाय. आम्ही तोच रस वासराशिवाय करतोय. वासराच्या जनुकाचं एक छोटंसं कडं करून जंतूंच्या पोटात घातलंय. साधे आतड्यातले जंतू, डोळ्यांना न दिसणारे. भांडं जरा थंड ठेवलं की ते नुसते वाढतात. पुरेसे वाढले की भांडं तापवायचं. ताप लागला की ते कडं जागं होतं आणि जंतू रस करू लागतात. दुखणं एवढंच की फार थोडा करतात. त्याच भांड्यातून, तेवढ्याच खाण्यावर जास्त रस काढायचा, हे माझं काम. ईस्टरपर्यंत ते जमलं नाही तर आमची प्रयोगशाळा बंद, असं संचालक कैरिस म्हणतात.

एक गोष्ट तुला आवडेल. खरं तर दर वेळी मूळ जंतू साठवलेली कुपी फोडून नवे जंतू वाढवायचे असतात. त्यात फार वेळ जातो. म्हणून मी तुझं बघून शिकलेलं करते. तापवायच्या आधी थोडे जंतू बाजूला राखायचे आणि त्यांच्यावरच पुढचं भांडं लावायचं. तुझ्या काठवटीच्या तळाशी खमिराचा गोळा राहतो ना, तसं.

इमारतीची हीटिंग अजून लावलेली नाही. आम्ही कोट घालून काम करतो.

वायवा


गिर्वेनाइ, १२ ऑक्टोबर

वायवा,

मी जिवंत आहे. जुओदे गाय जिवंत आहे, दूध कमी देते आणि लाथा जास्त मारते. आता कामाचं.

वासराला जंतूच्या पोटात घालणारी हुशार माणसं तुम्ही, आणि तुम्हाला एक खोली गरम ठेवता येत नाही. तुझ्या त्या कैरिसच्या खोलीत हीटर आहे का ते बघ. असणार.

काठवटीचं वाचून बरं वाटलं. माझ्या सासूनं ती मला दिली तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की धुवायची नाही, कुणाला उसनी द्यायची नाही, आणि तळ कधी मोकळा करायचा नाही. तिच्या बाकीच्या बोलण्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही, पण हे पाळलं. भाकरी अजून फुगते. तूही तसंच कर. कुप्याबिप्या फोडू नकोस. नवं ते नेहमी अडाणी असतं, त्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं.

थंडीत कणीक बसते, तसे तुझे जंतूही बसतील. तुझ्या आजोबांचं मेंढीचं कातडं बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. भांड्याला नीट गुंडाळ, तोंडापासून बुडापर्यंत. तू स्वतः पांघरू नकोस, वास मारतं.

स्तासे, हे वाचत असशील तर ऐक. तुझ्या कोंबड्यांनी माझी कोबी खाल्ली ते मी विसरलेले नाही.

तुझी आजी, अपोलोनिया


विल्नियस, ८ नोव्हेंबर

आजी,

कातडं पोचलं. सगळ्या मजल्याला कळलं, इतका वास. पहिल्या दिवशी पोरं मेंढीसारखी ओरडली. मी भांड्याला ते गुंडाळून वर सुतळी बांधली, आणि हसणारे गप्प झाले. बाकीच्यांची भांडी गारठून पडली होती, माझं धावत होतं. जंतू इतके दाट की पाणी ताकासारखं दिसतं. रसही आजवरचा सगळ्यात जास्त निघाला. राखलेल्या जंतूंना आमच्या खाण्याची सवय झालीय, नव्यांसारखे बिचकत नाहीत.

कैरिस स्वतः खाली आले. कातड्याला बोट लावून बघितलं, रुमालाला पुसलं, आणि म्हणाले की वायवाताई, असंच चालू राहिलं तर वसंतात आपण परदेशी लोकांना बोलावू.

ब्रोन्युसला म्हणावं, धीर धर.

वायवा


गिर्वेनाइ, २० नोव्हेंबर

वायवा,

ब्रोन्युसला नुसतं धीर धर नाही म्हटलं. रविवारी चर्चमधून सगळे बाहेर पडले तेव्हा पायरीवर उभं राहून सांगितलं, की राजधानीतलं शास्त्र अपोलोनियाच्या काठवटीवर आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या कातड्यावर चाललंय. पाद्री हसले. ब्रोन्युस म्हणाला, जंतूच्या पोटातलं चीज कोण खाईल, आजी? मी म्हटलं, तू वासराच्या पोटातलं खाल्लंस तेव्हा आत डोकावून बघितलं होतंस का?

डेअरीत दूध ओततात गं बाई आता. म्हणजे ओढ्यात. रस नाही तर चीज नाही, लोणी किती काढणार. माझंही परत पाठवलं त्यानं परवा. मी डुकराला घातलं. डुक्कर मजेत आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी येशीलच. खसखशीचं दूध करते, हेरिंग मासा स्तासेच्या भावाकडून मिळेल. मोजे पाठवलेत ते घाल.

अपोलोनिया


विल्नियस, १४ डिसेंबर

आजी,

कुचोसच्या, नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला येता येणार नाही. भांडं सोडून निघता येत नाही. बाकी सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस.

वायवा


गिर्वेनाइ, २७ डिसेंबर

वायवा,

तुझं ताट मांडलं होतं. टेबलावर चादरीखाली गवत, त्यावर तुझी थाळी, थाळीशेजारी मेणबत्ती. कुचोसला असं रिकामं ताट एकतर न आलेल्याचं असतं नाहीतर त्या वर्षी मेलेल्याचं. स्तासे मेणबत्ती मागायला आली, ताट बघितलं आणि रडायलाच लागली. तिला वाटलं तू गेलीस. मी तिला म्हटलं, मेली असती तर तुला आधी कळलं असतं, तार तूच घेतेस.

आता खरं सांग. तुझ्या पत्रात चार ओळी. चांगलं चाललेलं असतं तेव्हा तू पानभर लिहितेस आणि जंतूंचं जेवणसुद्धा सांगतेस. मी डोकं चालवून बघितलं. पोटुशी आहेस का? असलीस तर सांगून टाक, पाळणा माळ्यावर आहे, आणि बाप कोण ते मी विचारणार नाही. म्हणजे एकदाच विचारेन.

तसं नसेल तर जे आहे ते लिही. मला ठीक आहे असं लिहायचं नाही. ठीक आहे असं डॉक्टर तुझ्या आजोबांना म्हणाला होता.

अपोलोनिया


विल्नियस, १० जानेवारी १९९३

आजी,

पोटुशी नाही. तसं असतं तर सोपं होतं.

रस आटलाय. नोव्हेंबरनंतर प्रत्येक भांड्यात मागच्यापेक्षा कमी. जंतू मात्र दाटच्या दाट, आधीपेक्षाही जास्त जोमानं वाढतात. पण तापवलं की काही नाही, थंड पाण्यासारखे ढिम्म. मी खाणं बदललं, पाणी बदललं, भांडं घासलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे राखलेले जंतू तेवढे जपले, कातड्यावर आणखी एक घोंगडी बांधली. आणखी आटलं. तुला लिहिलं नाही कारण तू पायरीवर उभी राहून सगळ्या गावाला सांगून बसली होतीस.

कैरिसनी बोलावलं होतं. हीटर आहे त्यांच्या खोलीत, तू म्हणालीस तसा. चहा दिला. म्हणाले, आमच्या मजल्याला एक भाडेकरू मिळालाय, जुने टायर आणून विकणारा, तो जर्मन मार्कात भाडं देतो. पण संशोधन चालू असलेली जागा अशी देता येत नाही. म्हणून ईस्टरनंतर संस्थेची परिषद बसेल तेव्हा मी उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, की हा जंतू नालायक आहे, याच्यातून कधी काही निघणार नाही, मी माझ्या खुशीनं हे काम सोडते. एवढं म्हटलं की ते मला स्वीडनच्या एका मोठ्या प्रयोगशाळेसाठी चिठ्ठी देणार. नाही म्हटलं तर मजला तरी जाणारच आणि माझी नोकरीही.

स्वीडनला हीटिंग असते, आजी. मी खोटं बोलणार नाही, त्या खोलीत बसले होते तेव्हा हो म्हणावंसं वाटलं. अजून उत्तर दिलेलं नाही.

वायवा


गिर्वेनाइ, १८ जानेवारी

वायवा,

एक सांगते, त्यानंतर तुला पाहिजे ते कर.

कोलखोज झालं, म्हणजे सगळ्यांची शेतं नि गुरं सरकारी सामूहिक शेतीत ओढली, तेव्हा शाळेच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. पुढं दोन माणसं, एकाच्या कमरेला पिस्तूल. विचारलं, कोण आपल्या गायी स्वखुशीनं देतंय, हात वर करा. हात वर गेले. तुझ्या आजोबांचाही गेला, त्यांना मी दोष देत नाही, पोरं लहान होती. माझा गेला नाही. पिस्तूलवाल्यानं विचारलं, बाई, तुमचा हात दुखतो का? मी म्हटलं, हात ठीक आहे. गाय न्यायची तर न्या, दावणीला बांधलेली आहे. पण मी खुश नाही.

गाय नेलीच. ती वाचणार नव्हती. पण पुढं मी तिच्याच धारा काढायला जायची तिथं, आणि तिच्या तोंडाकडे बघू शकायची.

तुझा मजला जाईल तर जाईल. टायरवाला येईल तर येऊ दे. कैरिसला चावी आहे, त्यानं कुलूप लावावं. पण नालायक आहे हे तुझ्या तोंडून कशाला पाहिजे त्याला? त्याचं त्याला म्हणवत नाही म्हणून. मग म्हणू नकोस. नाही म्हणायला शाळा लागत नाही, मला बघ.

आणि स्वीडनला जायचं असेल तर स्वतःच्या पायानं जा, त्याच्या चिठ्ठीवर नको.

जंतू आटले म्हणतेस. गाय आटते तेव्हा ती आजारी आहे की लबाडी करतेय हे आधी बघतात. तू बघितलंस का? मला काय कळतं म्हणा.

अपोलोनिया


विल्नियस, १६ फेब्रुवारी

आजी,

कैरिसना नाही म्हटलं. त्यांनी चहाचा कप माझ्यासमोरून उचलून घेतला. अर्धाच प्याले होते.

दुसरी गोष्ट लिहायला मला इतके दिवस लागले. चार वेळा पान फाडलं.

मला कळलं काय झालं ते. लबाडीच होती. जंतूला ते वासराचं कडं सांभाळणं म्हणजे ओझं. एखाद्यानं वाटेत ते टाकून दिलं की तो हलका होतो आणि भराभर वाढतो. अशांना मारायला आम्ही भांड्यात औषध घालतो. कडं असेल तोच त्या औषधातून वाचतो. पण होतं काय, कडंवाले ते औषध चघळून संपवतात, आणि मग त्यांच्या आडोशाला बिनकड्याचेही सुखानं जगतात. ताज्या कुपीतले जंतू असले तर हे फार होत नाही, तेवढा वेळच मिळत नाही. मी मात्र प्रत्येक भांड्यातलं राखून पुढच्याला लावत गेले. प्रत्येक खेपेला हलके थोडे जास्त. मी त्यांची सवय समजत होते, ती त्यांची चैन होती. आता मी राखलेले जंतू ताज्या औषधाच्या ताटलीवर पसरून बघितले. ताटली जवळजवळ कोरी राहिली. महिनाभर मी नुसते फुकटे पोसत होते.

आणि कातडं. भांडं थंड असताना कडं झोपलेलं पाहिजे, म्हणजे जंतूंवर भार पडत नाही. पण जंतू वाढताना स्वतः ऊब सोडतात, त्यावर आजोबांचं कातडं, त्यावर माझी घोंगडी. तापमापी मी बाहेरच्या पाण्यात ठेवली होती, आत बघितलंच नाही. आत कडं सतत अर्धवट जागं. कडंवाले बिचारे वाढता वाढताच राबत होते. राबणारे दमले, टाकून देणारे माजले.

चूक माझी. शिकलेली मी आहे. हे मला पुस्तकातही शिकवलं होतं, पण पहिल्या भांड्यांना रस आला आणि काठवटीचं मला इतकं गोड वाटलं की मी पुस्तक विसरले.

तू वाईट वाटून घेऊ नकोस.

वायवा


गिर्वेनाइ, १४ मार्च

वायवा,

महिनाभर लिहिलं नाही कारण रागावले होते. अजून आहे. वाईट वाटून घेऊ नकोस असं मला लिहायचं नाही, मी काय स्तासे आहे?

आधी तुझ्यावर रागावले. मग कातड्यावर. मग सासूवर, तिला मरून चाळीस वर्षं झाली तरी तिच्यावर रागावता येतं, सोय आहे. मग विचार केला.

तुझे जंतू मला आता चांगले समजले. आमच्या कोलखोजमध्ये योनास नावाचा एक होता. सकाळी हजेरीला पहिला. त्यानंतर गवताच्या गंजीमागे आडवा. आम्ही बीट उपटून पाठीचे तुकडे करून यायचो तेव्हा सूप प्यायच्या रांगेत तो पुढं, आणि गाल कसे, लाल. त्याला सहा पोरं झाली. ज्या राबायच्या त्यांना वेळ कुठला? तू लिहिलंस ते वाचलं आणि मला योनास दिसला. मोठ्यानं हसले, मग परत रागावले.

म्हणजे तू राबणाऱ्यांना पांघरूण घालून घामेजवून मारलंस, आणि योनासला दर वेळी बी म्हणून राखलंस. माझ्या सांगण्यावरून. बरं.

रविवारी चर्चच्या पायरीवर परत उभी राहिले. स्तासेनं पत्र वाचलंय हे मला माहीत होतं, कारण पाकिटाला तिच्या सूपचा वास होता. तिनं सांगायच्या आत मीच सांगितलं, की अपोलोनियाच्या काठवटीनं आणि कातड्यानं राजधानीतलं भांडं बुडवलं, आणि माझ्या नातीनं ते शोधून काढलं. ब्रोन्युस हसायला लागला. मी म्हटलं, हस, तुझं दूध ओढ्यात जातंय. मग तो हसला नाही.

आता तू हे करायचं. कातडं परत पाठव, मला लागतं. राखलेलं सगळं फेक, एक थेंब ठेवू नकोस, मला बरं वाटावं म्हणूनही नको. नवी कुपी फोड. ईस्टर तोंडावर आलाय.

अपोलोनिया


विल्नियस, ६ एप्रिल

आजी,

कातडं ड्रायव्हरकडे दिलंय. त्याच्याबरोबर भुशात गुंडाळलेली एक बाटली आहे. ती आधी काढ.

तू म्हणालीस तसं सगळं उकळून ओतून दिलं. दर भांड्याला नवी कुपी, मध्ये काही राखायचं नाही. खिडकी उघडी टाकली, सगळे ओरडले, मी कोट दोन घातले. तापमापी भांड्याच्या आत. जंतूंना शांतपणे वाढू दिलं, कुणावर भार नाही, औषध दर टप्प्याला ताजं. पुरेसे झाले तेव्हाच एकदम तापवलं. सगळे एकत्र कामाला लागले, योनासला उगवायला वेळच मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये मी ज्या भांड्याच्या गमजा मारल्या होत्या, त्याच्या कितीतरी पट रस निघाला. परत केलं, परत तेवढाच. तिसऱ्यांदाही.

जंतूंच्या पोटात तो गाठी होऊन बसतो. त्या गाठी सोडवाव्या लागतात, गुंतलेली लोकर सोडवतात तशा, मग थोडं आंबट करून रसाला जागं करावं लागतं. ते जमलं.

कैरिसना दाखवलं. त्यांनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, बाटलीतलं काय उपयोगाचं, हे पाहिजे कुणाला? परिषदेतही हेच विचारणार म्हणाले. टायरवाला काल मजला मोजून गेला. माझ्या टेबलाशी थांबून विचारलं, हे हलेल का? मी म्हटलं, मी असताना नाही.

बाटली ब्रोन्युसला दे. बाटलीवर चिठ्ठी आहे, बादलीभर दुधाला किती घालायचं त्याची. मला दुसरं कुणी सुचत नाही.

वायवा


गिर्वेनाइ, १५ एप्रिल

वायवा,

ईस्टर झाला. पाच अंडी रंगवली, चार मी खाल्ली.

बाटली घेऊन डेअरीत गेले. ब्रोन्युस म्हणाला, याच्यावर शिक्का नाही. मी म्हटलं, मॉस्कोच्या डब्यावर शिक्का होता, तो डबा कुठाय? तो म्हणाला, माझ्या कढईत मी असलं काही घालणार नाही, माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, कसली नोकरी रे, ओढ्याला दूध पाजायची? तो म्हणाला, आजी, घरी जा.

घरी गेले. जुओदे गाभण आहे, आटलीय, म्हणून शेजारच्या गायीची धार काढली आणि तशीच धारोष्ण बादली घेऊन परत आले. त्याच्या टेबलावर ठेवली, कागद होते ते बाजूला सारले. चिठ्ठीत होता तेवढा रस घातला, एकदा ढवळलं, आणि खुर्ची ओढून बसले. तो बोलत होता. स्वच्छतेचे नियम, सरकार, माझं वय. मी ऐकत नव्हते, दुधाकडे बघत होते. डेअरीतल्या बायका दारात जमल्या. त्याचं सरकारवरचं संपलं आणि वय सुरू झालं तेव्हा मी बादली जरा कलती केली. दूध हललं नाही.

मी त्याच्या खणातली सुरी घेतली आणि मधोमध फिरवली. कड सरळ, धारदार, भेगेत पिवळसर पाणी आलं. वासराच्या रसाला येते तशीच कड. त्याहून चांगली म्हणणार नाही, पण तशीच.

"आता सांग," मी म्हटलं, "हे पाहिजे कुणाला?"

ब्रोन्युसनं बोट बुडवलं, चाखलं, परत चाखलं. मग बायकांकडे बघून म्हणाला, उभ्या काय राहिलात, साचे धुवा.

अपोलोनिया


विल्नियस, २९ एप्रिल

आजी,

तू आली नाहीस. ब्रोन्युस म्हणाला, तू म्हणालीस की गाय सोडून कुठल्या संचालकाचं तोंड बघायला येणार नाही.

परिषद काल झाली. कैरिस उभे राहिले आणि म्हणाले, वायवाताईंना आपल्या जंतूबद्दल काही सांगायचंय. त्यांना वाटलं मी शेवटी नमेन. मी उभी राहिले आणि काय झालं ते सगळं सांगितलं, चुकीसकट. कातडंही सांगितलं. मागच्या रांगेतली म्हातारी प्राध्यापकमंडळी हसली, पण चांगली हसली. काठवटीचं सांगितलं तेव्हा एकजण म्हणाले, माझ्या आईचीही अशीच होती.

कैरिसनी विचारलं, सगळं छान, पण याचं गिऱ्हाईक कुठाय? तेवढ्यात दार उघडलं. ब्रोन्युस दुधाचा ट्रक घेऊन आला होता, पायांत गमबूट, हातात ओल्या फडक्यात चीज. सरळ पुढं गेला आणि कैरिसच्या कागदांवर ठेवलं. पाणी झिरपलं कागदांत. म्हणाला, गिऱ्हाईक मी. माझ्यामागे शेजारच्या दोन डेअऱ्या आहेत. टायर आम्हाला नकोत.

तेवढ्यावर सगळं जमलं असं नाही. मतं घेतली तेव्हा थोडक्यात वाचलो. मजल्याचा अर्धा भाग गेला, टायरवाला भिंतीपलीकडे आहे, रबराचा वास येतो. मला आजोबांच्या कातड्याची आठवण येते. पण जंतू माझेच, टेबल हललेलं नाही. कैरिस आता जिन्यात भेटले तर वर बघत जातात.

चीज अजून कोवळं होतं. मी आणि माझ्या मजल्यावरच्यांनी खाल्लं. कुणी जंतूचं म्हणालं नाही.

एक विचारायचं होतं. काठवट तू धुतलीस का? ब्रोन्युस म्हणत होता, गावात पैज लागलीय.

वायवा


गिर्वेनाइ, ९ मे

वायवा,

मी जिवंत आहे. जुओदे व्यायली, वासरू आहे, कालवड. कुणी तिच्या पोटाकडे बघत नाहीये, ती उड्या मारतेय आणि तिला त्यातलं काही कळत नाही. तुझ्या जंतूंचे तिच्यावर उपकार आहेत असं तिला सांगितलं. तिनं माझ्या एप्रनचं टोक चघळलं.

भिंतीपलीकडे टायर आहेत तर असू देत. अर्धा मजला गेला याचा अर्थ अर्धा राहिला.

काठवटीचं. पाद्री आले होते, स्तासे आली होती, ब्रोन्युसची बायकोसुद्धा आली, सगळ्यांना बघायचंय. स्तासेनं तर साबण आणला होता. मी साबण ठेवून घेतला आणि तिला घालवलं.

धुतली नाही. धुणारही नाही. माझ्या काठवटीतलं खमीर दुसऱ्या कुणाच्या वासराचं ओझं वाहत नाही. ते स्वतःसाठी आंबतं, म्हणून टिकतं, आणि त्यातला योनाससुद्धा आंबल्याशिवाय सुटत नाही. तुझ्या भांड्यात तू परक्याचं काम करून घेतेस, तिथं दर वेळी नवी माणसं लागतात आणि त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. हे मला आता कळलं. तू तुझं भांडं दर वेळी उकळ. मी माझी काठवट तशीच ठेवणार, मी मेल्यावर ती तुझ्याकडे येईल, आणि तुझ्या त्या मजल्यावर नेलीस तर वर येऊन बघेन.

ज्यांनी धुतली यावर पैज लावली होती ते हरले. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना मी ओळखते, त्यातली एक मीच.

जूनमध्ये ये. भाकरी लावते.

अपोलोनिया